बटण कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, वॉकीटॉकी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे आणि बहुतेकींनी ती मोर्च्यातच पाहिलेली आहे. समोर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाच्या खांद्याला अडकवलेला तो काळा डबा मधूनमधून खरखरतो, पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारतं, पोलीस मान तिरकी करून बटण दाबतो आणि आपल्या मोर्च्याबद्दल दोन वाक्यं बोलतो. तो काय बोलला ते आपल्याला कळत नाही. एवढंच कळतं की त्याच्या हाकेला ओ द्यायला कुणीतरी बसलेलं आहे, आणि आपल्या हाकेला ओ द्यायला कुणी बसलेलं नाही.

पंचवीसहून अधिक वर्षं मी या डब्यांमागची यंत्रणा आखण्याचं, उभारण्याचं आणि ती खरोखर चालते की नाही हे तपासण्याचं काम करते आहे. पदाचं नाव वरिष्ठ अभियंता. कारखाने, रुग्णालयं, बंदरं, नगरपालिका अशा ठिकाणी दुतर्फा बोलता येणारी बिनतारी यंत्रणा बसवणं हा आमचा धंदा. पण या लेखात मला माझी यशोगाथा सांगायची नाही. ‘पुरुषांच्या क्षेत्रात एकटी स्त्री’ अशा मुलाखती मार्च महिन्यात सगळी वर्तमानपत्रं छापतात आणि एप्रिलमध्ये विसरतात. मला म्हणायचं आहे ते वेगळं आहे. आवाज कुठपर्यंत पोचावा, सेट कुणाला मिळावा, कोणी बोलावं आणि कोणी नुसतं ऐकावं, हे ठरवण्याचं काम ‘तांत्रिक’ समजलं जातं. म्हणून आपल्या चळवळीने ते इतरांवर सोडून दिलं आहे. ते तसं सोडून देणं आपल्याला परवडणारं नाही.

मोबाइल असताना हे कशाला?

हा प्रश्न मला प्रत्येक शिबिरात विचारला जातो. आता बहुतेकींच्या हातात मोबाइल आहे, मग हे जुनं खरखरणारं यंत्र कशाला?

मोबाइल एकीला एकीशी जोडतो. सेटचं बटण दाबलं की गटातल्या सगळ्याजणींना एकाच वेळी ऐकू येतं. नंबर लावायचा नाही, कुणी उचलायची वाट पाहायची नाही, थेट वाक्य सुरू. शिवाय ही यंत्रणा त्या त्या संस्थेची स्वतःची असते, कंपनीच्या जाळ्यावर अवलंबून नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लाखो मुंबईकरांच्या हातातले मोबाइल मुके झाले होते. २६ डिसेंबर २००४ ला सुनामीची लाट आली तेव्हा भारती प्रसाद हौशी रेडिओची मोहीम घेऊन अंदमानात गेलेल्या होत्या. पोर्ट ब्लेअरमधून त्यांनी आपल्या सेटवरून वाचलेल्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला सुरुवात केली. रेल्वे, अग्निशमन दल, बंदरं, वनखातं आणि पोलीस यांनी मोबाइल आल्यावरही सेट टाकून दिले नाहीत, ते यासाठीच.

यंत्रणा चालते कशी तेही थोडक्यात सांगते. हातातल्या सेटची ताकद साधारण पाच वॅट. त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, दाटीने इमारती आल्या, की आवाज तुटतो. म्हणून उंच जागी, टेकडीवर नाहीतर उंच इमारतीच्या गच्चीवर, रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर खालचा आवाज घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने चहूकडे सोडतो. आमच्या कामातला पहिला धडा असा की सेटची ताकद दुप्पट केली तरी पोच थोडीशीच वाढते; पण अँटेनाची उंची दुप्पट केली तर सपाट मोकळ्या प्रदेशात पलीकडे पोचणारी शक्ती चौपट होते. ग्रामसभेत बोलणाऱ्या बाईला नेहमी सांगतात, ‘ताई, जरा मोठ्याने बोला.’ मोठ्याने बोलण्याने फार फरक पडत नाही. तिला कुठे उभं केलं आहे त्याने पडतो.

काम कसं वाटलं गेलं आहे

या धंद्यात बायका नाहीत असं नाही. त्या दोन टोकांना आहेत.

एक टोक म्हणजे कारखान्यातली जुळणी. अंधेरीचं सीप्झ १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सुरू झालं, तेव्हापासून डाग द्यायला, बारीक सुटे भाग बसवायला, तपासणीच्या टेबलावर बसायला मुलीच घेतल्या गेल्या. ‘बायकांची बोटं नाजूक, नजर बारीक’ हे त्याचं कारण सांगितलं गेलं. डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन या अभ्यासकांनी १९८१ साली याच युक्तिवादाची चिरफाड केली होती: बोटांचं हे कसब मुली घरात शिवणटिपण, निवडणं-टिपणं करून शिकलेल्या असतात, कारखाना ते फुकट वापरतो आणि ‘निसर्गाने दिलेलं’ म्हणून त्याचे पैसे देत नाही. डाग देणारी दहा वर्षांनीही डागच देते.

दुसरं टोक म्हणजे नियंत्रण कक्ष. तिथे आवाज बाईचा चालतो. शांत, समजूतदार, न चिडणारा. तिने निरोप घ्यायचा आणि पुढे द्यायचा. निर्णय शेजारच्या खोलीत.

या दोन टोकांच्या मधे जे काही आहे, म्हणजे जागेची पाहणी, रिपीटर कुठे बसवायचा याचा निर्णय, मनोऱ्यावर चढणं, यंत्रणेच्या अटी लिहिणं, खरेदीच्या समितीत बसणं, चाचणी घेऊन ‘पास’ची सही करणं, ते सगळं पुरुषांचं. म्हणजे बाई यंत्र बनवते आणि यंत्रात बोलते. पण यंत्र कसं असावं हे ती ठरवत नाही.

इतिहास पाहिला तर याला काहीच आधार सापडत नाही. १९४२ च्या चळवळीत मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्यांमध्ये उषा मेहता होत्या. पोलीस मागावर असताना जागा बदलत प्रक्षेपण चालू ठेवण्याची जोखीम त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पत्करली आणि त्यासाठी चार वर्षांची शिक्षा भोगली. नूर इनायत खान १९४३ साली नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये वायरलेस ऑपरेटर म्हणून उतरली. तिच्या आधी कुणी स्त्री या कामासाठी तिथे पाठवली गेली नव्हती. १९४४ साली तिला डाखाऊच्या छळछावणीत मारलं. आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राजेश्वरी चॅटर्जी १९५० च्या दशकापासून मायक्रोवेव्ह आणि अँटेना हे विषय शिकवत होत्या, त्यात संशोधन करत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्त्री-अभ्यासाच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर काम केलं, हेही आपण लक्षात ठेवायला हवं. म्हणजे अँटेना आणि स्त्रीमुक्ती या दोन गोष्टी एका आयुष्यात सहज बसतात.

चार सबबी

बायकांना मधल्या कामातून बाहेर ठेवण्यासाठी मी चार सबबी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे.

पहिली रात्रीची. यंत्रणेची मोठी दुरुस्ती वापर कमी असताना, म्हणजे रात्रीच करावी लागते. मी नोकरीला लागले तेव्हा १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ६६ दाखवलं जायचं: बाईला संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही. ते कलम कारखान्याला लागू होतं, टेकडीवरच्या रिपीटरला नव्हे. पण सबब म्हणून ते सगळीकडे लावलं जायचं. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली रात्रपाळीवरची ती बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईच्या संमतीने आणि संरक्षणाच्या अटींवर रात्रीच्या कामाला वाट दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनेही सर्व प्रकारची कामं आणि संमतीने रात्रपाळी बायकांना खुली केली आहे. बंदी गेली हे चांगलंच झालं. पण ‘संमती’ या शब्दाकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. संमती देणारी कंत्राटावर असेल, तिची संघटना नसेल आणि नाही म्हटलं तर उद्या काम जाणार असेल, तर ती संमती कशी? आणि होय म्हणणारीला गाडी, सोबत, संडास हे सगळं मिळतं की ‘तुम्हीच तर तयार होतात’ एवढंच ऐकायला मिळतं?

दुसरी सबब मनोऱ्याची. बायकांना चढता येत नाही म्हणे. डोक्यावर दोन हंडे घेऊन घाट चढणाऱ्या बायकांच्या देशात हे वाक्य कुणी म्हणू धजतं याचंच मला आश्चर्य वाटतं. खरी अडचण शरीराची नाही, सामानाची आहे. सुरक्षेचा पट्टा पुरुषी मापाचा. तो छातीवर आणि मांड्यांवर नीट बसत नाही. बूट सातच्या खाली मिळत नाहीत. टेकडीवर आठ तास काम आणि आडोसा नाही, म्हणून पाणी न पिता काम. पुरुष तंत्रज्ञांनाही यातल्या निम्म्या गोष्टी मिळत नाहीत, पण त्यांनी न मागता चालवून घेतलं म्हणून तीच रीत झाली.

तिसरी सबब किरणोत्सर्गाची. बाई गरोदर राहिली, किंवा नुसतं लग्न ठरलं, की ‘रेडिएशन आहे, तुम्ही कागदपत्रं बघा’ असं सांगून तिला टेबलावर बसवलं जातं. परत आली की तिची जागा भरलेली असते. या रेडिओ लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. त्यांचा सिद्ध झालेला धोका मुख्यतः उष्णतेचा. चालू असलेल्या मोठ्या ताकदीच्या अँटेनाजवळ कुणीही जाऊ नये, बाई नाही आणि पुरुषही नाही. नियम साधा आहे: आधी प्रक्षेपण बंद करा, कुलूप लावा, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात द्या, मग चढा. हा नियम सगळीकडे पाळला तर कुणालाच बाजूला बसवावं लागत नाही. काळजीच्या नावाखाली बाईला काढायचं आणि पुरुषाला चालू अँटेनाखाली तसंच पाठवायचं, हे बाईचं संरक्षण नाही. दोघांच्याही जिवाची किंमत न करणं आहे.

चौथी सबब आवाजाची. ‘बाईचा आवाज सेटवर नीट कळत नाही.’ हिची कूळकथा जुनी आहे. १९२७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या जे. सी. स्टाइनबर्ग यांनी बायकांचं बोलणं उपकरणातून कमी कळतं असं मांडलं आणि दोष आवाजाच्या जातीकडे गेला. वस्तुस्थिती अशी की फ्रिक्वेन्सीची जागा वाचवण्यासाठी टेलिफोन आणि रेडिओतून साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढीच ध्वनीची पट्टी पाठवण्याची प्रथा पडली. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशा वर्णांचा बराच भाग या पट्टीच्या वर असतो आणि बायकांच्या बोलण्यात तो आणखी वर असतो. कात्री तिथेच चालते. पुढे आवाजाचे आकडे करून पाठवण्याच्या पद्धती आल्या, तेव्हा सुरुवातीच्या काही पद्धतींत उंच पट्टीचे आवाज जास्त बिघडायचे. म्हणजे दरवाजा विशिष्ट उंचीचा बांधायचा आणि मग डोकं आपटणाऱ्या माणसाला लांबडं म्हणायचं. माझ्या नोकरीतली कितीतरी वर्षं यंत्रणेच्या चाचणीत एकच ध्वनिफीत वाजायची, एका पुरुषाच्या आवाजात एक ते दहा आकडे. आमच्या गटाने त्यात दोन बायकांचे आवाज घालायचा आग्रह धरला तेव्हा काही सेटचे माइक बदलावे लागले. खर्च नगण्य होता. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकात रेल्वेचालक झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. इतक्या वर्षांत बाईचा आवाज कळला नाही म्हणून त्यांची गाडी अडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

नकाशावरच्या कोऱ्या जागा

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. वरिष्ठ अभियंत्याच्या हातात सत्ता कुठे असते? ती नकाशात असते. कुठे आवाज पोचतो आणि कुठे नाही याचा रंगीत नकाशा आम्ही तयार करतो. त्यावर पैसे खर्च होतात.

हा नकाशा तपासायची रूढ पद्धत म्हणजे गाडीच्या टपावर अँटेना लावून मोठ्या रस्त्यांवरून फिरायचं आणि दर थोड्या अंतरावर नोंद घ्यायची. या पद्धतीत साहेबाच्या जीपमध्ये आवाज कसा येतो हे उत्तम कळतं. वस्तीच्या बोळात, रुग्णालयाच्या तळघरात, कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये आवाज पोचतो का, हे कळत नाही. शिवाय सेट टपावर नसतो, माणसाच्या कमरेला असतो. शरीराच्या आडोशाने त्याची ताकद खूप कमी होते. कमरेला तरी कसा असेल? सेटमागची पकड पट्ट्यासाठी बनवलेली असते. साडी नेसणाऱ्या, सलवार-कमीज घालणाऱ्या बाईने तो अडकवायचा कुठे? मग तो पिशवीत जातो, डब्याखाली, आणि साहेब म्हणतात, ‘बायका सेटला उत्तर देत नाहीत.’

एका शहराच्या सफाई खात्याच्या कामात मी पायी चाचणीचा आग्रह धरला. पहाटे साडेपाचला झाडूवाल्या बायका निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर, त्यांच्याच वाटेने, सेट त्यांच्या कमरेच्या उंचीवर धरून आम्ही चाललो. गाडीच्या नकाशात पूर्ण रंगलेल्या भागात चार बोळ आणि दोन हजेरी कोठ्या मुक्या निघाल्या. बायकांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. अंधार कुठे असतो, कुत्री कुठे मागे लागतात, पहाटे कुणाची टोळकी कुठे बसलेली असतात, हे सगळं त्यांनी चालता चालता सांगितलं. ज्या जागी आवाज पोचत नव्हता त्यातल्या बहुतेक जागा त्यांच्या भीतीच्या जागा होत्या. रिपीटरची जागा बदलली, एक छोटा जादा रिपीटर आला, कोऱ्या जागा भरल्या.

आणि मग सेट वाटण्याची वेळ आली तेव्हा ते सगळे मुकादमांना दिले गेले. बायकांना एकही नाही. ‘त्या हरवतील’, ‘त्या गप्पा मारतील’, ‘त्यांना बोलायचंच काय असतं?’ अशी उत्तरं मिळाली. म्हणजे बायकांच्या वाटेवर आवाज पोचवण्याचा खर्च झाला, पण तो बायकांना बोलावण्यासाठी. बायकांनी बोलावण्यासाठी नव्हे. दुतर्फा यंत्रणा एकतर्फी झाली, आणि तांत्रिक कागदावर ती शंभर टक्के यशस्वी होती.

इथे एक बारकावा सांगायला हवा. आपल्या नेहमीच्या सेटवर दोघं एकाच वेळी बोलले तर ज्याची लहर जोरदार त्याचाच आवाज ऐकू येतो. दुसऱ्याचा पुसला जातो. तो बोलला होता हेही पुष्कळदा कुणाला कळत नाही. साहेबाच्या गाडीतला सेट पंचवीस वॅटचा, बाईच्या हातातला पाच वॅटचा. ती मदत मागत असताना साहेब चहाचं विचारत असतील तर ऐकू येईल चहा. यावर उपाय आहे. धोक्याचं वेगळं बटण आणि त्याला पहिला मान देणारी यंत्रणा करता येते. पण ती अट खरेदीच्या कागदात कुणीतरी लिहावी लागते. लिहिणाऱ्यांमध्ये पाच वॅटवाली नसेल तर ती अट कुणाला सुचणार?

तोच डबा पाळतीसाठी

नव्या डिजिटल सेटमध्ये बटण दाबलं की बोलणाऱ्या सेटचा क्रमांकही जातो. याचा आपल्याला फायदा आहे. जुन्या उघड्या चॅनेलवर रात्रीच्या पाळीत नियंत्रण कक्षातल्या मुलीला उद्देशून शिट्ट्या, गाणी, घाणेरडे शब्द यायचे आणि कुणी केलं ते कधीच सापडायचं नाही. आता सापडू शकतं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जावं लागणारी जागा आणि मालकाने दिलेलं वाहनही कामाच्या ठिकाणात धरलं आहे. टेकडीवरची खोली, तिथे नेणारी जीप हे सगळं त्यात येतं. चॅनेलवरच्या छळाची तक्रारही समितीपुढे नेता येते आणि नेली पाहिजे. यासाठी नोंदी जपून ठेवण्याची अट आधीच घालायला हवी.

पण हाच सेट उलटाही फिरतो. त्यात जीपीएस असतं. बाई कुठे आहे ते दर मिनिटाला दिसतं. पुष्कळ सेटमध्ये अशीही सोय असते की दुरून, सेट जवळ बाळगणाऱ्याला न कळता, त्याचा माइक उघडता येतो. संकटात सापडलेल्या माणसासाठी ती बनवलेली आहे. पण बायका मुकादमाबद्दल काय बोलतात ते ऐकायलाही ती पुरते. नागपूर, पंचकुला, चंदीगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं चढवली गेली. ती बांधून संडासला जायचं कसं, घरी गेल्यावर ती कुणाला काय सांगतात, हे प्रश्न बायकांनी विचारले. सुरक्षेच्या नावाने आलेलं यंत्र हजेरी आणि पगारकपातीचं यंत्र झालं तर तो अपघात नव्हे. ज्याने मागवलं त्याच्या गरजेप्रमाणे ते वागलं.

म्हणूनच ‘तंत्रज्ञान चांगलं की वाईट’ हा वाद मला निरर्थक वाटतो. यंत्रात दोन्ही सोयी आहेत. कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे सेट वाटण्याआधी एका टेबलावर ठरतं. त्या टेबलावर आपलं कुणी आहे का, हा प्रश्न आहे.

एकटी बाई पुरेशी नाही

कुणी म्हणेल, मग उत्तर सोपं आहे, तुमच्यासारख्या बायका वरच्या जागांवर वाढवा. वाढवायलाच हव्यात. पुण्यात १९९१ साली मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. तंत्रशिक्षणात मुलींसाठी जागा राखीव झाल्या. २०२४ पासून महाराष्ट्रात ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबांतल्या अनेक मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क माफ झालं. हे सगळं आपल्या चळवळीच्या रेट्याशिवाय झालेलं नाही. वर्गात मुली दिसतात. पण त्यातल्या पुष्कळजणींची वाट संगणकाच्या वातानुकूलित खोलीकडे वळवली जाते. टेकडी, बंदर, खाण ही ‘मुलींची जागा नव्हे’ हे घरचे आणि कंपनी मिळून ठरवतात.

तरीही एवढ्याने भागत नाही. मी वरिष्ठ अभियंता झाले त्यामागे माझी जात, माझं शहर, माझ्या आईवडिलांचं शिक्षण हेही आहे. मनोऱ्यावर जीव धोक्यात घालून चढणारा मजूर कंत्राटी असतो, बहुधा दलित, आदिवासी किंवा परप्रांतातून आलेला असतो आणि माझ्या सहीने त्याचं बिल निघतं. पाहणीला गेल्यावर ‘साहेब कुठे आहेत?’ असं मला विचारलं जातं तेव्हा मी बाई असते. त्या मजुराशी बोलताना मी साहेबच असते. वरच्या खुर्चीत बाई बसली म्हणून यंत्रणा आपोआप बायकांची होत नाही. ती झाडूवालीची, परिचारिकेची, महिला वनरक्षकाची तेव्हा होईल, जेव्हा अटी लिहिताना त्यांना विचारणं बंधनकारक असेल, खुर्चीत कुणीही बसलेलं असो.

काय मागायचं?

म्हणून माझ्या मते आपल्या संघटनांनी पुढील मागण्या कामगार संघटनांना बरोबर घेऊन लावून धरायला हव्यात.

१. सार्वजनिक पैशातून बिनतारी यंत्रणा घेताना तांत्रिक अटी ठरवणाऱ्या समितीत ती वापरणाऱ्या स्त्री-कामगारांच्या प्रतिनिधी असाव्यात. अधिकाऱ्याने नेमलेल्या नव्हे, त्यांनी निवडलेल्या.

२. चाचणी पायी, प्रत्यक्ष कामाच्या वेळी, कमरेच्या उंचीवर आणि बायकांच्या आवाजातही घ्यावी. बायकांनी सांगितलेल्या धोक्याच्या जागा नकाशात आधी धराव्यात.

३. एकटीने किंवा अंधारात काम करणाऱ्या प्रत्येकीला सेट मिळावा, तिच्या कपड्यांवर नीट बसेल अशा पट्ट्यासह. धोक्याच्या बटणाला पहिला मान असावा.

४. ठावठिकाणा पाहणं आणि दुरून माइक उघडणं या सोयी कामगारांशी लेखी करार झाल्याशिवाय वापरू नयेत. पाळी संपली की ठावठिकाणा बंद. धोक्याची हाक आलेली नसताना माइक उघडणं हा गुन्हा समजावा.

५. उंचावरच्या आणि रात्रीच्या कामात योग्य मापाचं सुरक्षा साहित्य, संडास, वाहन आणि प्रक्षेपण बंद करूनच चढण्याचा नियम, हे बाई-पुरुष, कायम-कंत्राटी सगळ्यांना लागू असावं.

६. आयटीआयच्या मुलींना उमेदवारीसाठी दुरुस्तीच्या टेबलाबरोबर जागेवरच्या पाहणीतही घ्यावं. हे काम पदवी नसलेल्यांनाही उत्तम येतं. ते पाहून आणि करूनच येतं.

यासाठी वाट पाहत बसायचं कारण नाही. २००५ च्या माहिती अधिकाराखाली आपल्या नगरपालिकेला, जिल्हा रुग्णालयाला, अग्निशमन खात्याला विचारता येतं: किती सेट घेतले, कुणाकुणाला दिले, त्यात बायका किती, चाचणीचा अहवाल कुठे आहे? पोलिसांची माहिती सुरक्षेचं कारण सांगून नाकारतील, पण सफाई आणि रुग्णालयाची नाकारायला फारसं कारण नाही. अहवाल हातात आला की आपल्यातल्या कुणी अभियांत्रिकी शिकलेलीला तो वाचायला बसवा आणि शेजारी रोज त्या वाटेने चालणारीला बसवा. दोघींनी मिळून तो वाचला की त्यातल्या कोऱ्या जागा दिसायला लागतात. आपापल्या गावात असं काही करून पाहाल तर काय सापडलं ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवा. तांत्रिक भाषेत लिहायची गरज नाही. कुठल्या वळणावर हाक पोचत नाही, एवढं लिहिलं तरी पुरे.